शेजाऱ्याला वीज विकण्यावरच्या एका कमेंटला उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

नमस्कार साहेब. उत्तर कमेंट बॉक्समध्ये मावेना म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की छतावर सोलर असलेल्यांना उरलेली वीज थेट शेजाऱ्याला विकता यायला हवी, म्हणजे ज्याला पी टू पी ट्रेडिंग म्हणतात ते. त्यावर साहेबांचं म्हणणं (सगळी नोकरी वीज बोर्डात काढलेला माणूस आहे, विसरू नका) असं की वायरीत गेल्यावर वीज कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, ब्लॉकचेन (व्यवहारांची सगळ्यांकडे सारखी असलेली, मागून बदलता न येणारी डिजिटल वही) वगैरे नुसती चमकोगिरी आहे, आणि बंगलेवाले आपसात वीज विकणार नि बोजा मात्र चाळीतल्या माणसाच्या बिलावर येणार.

पहिला मुद्दा खरा आहे पण त्यानं काही बिघडत नाही. गावच्या डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात, तरी कुणाचं किती लिटर आणि फॅट किती याचा हिशोब होतोच ना? इथंही स्मार्ट मीटरला पंधरा मिनिटांचं रीडिंग येतं, त्यावर मी इतकं सोडलं नि तुम्ही इतकं घेतलं असा नुसता हिशोब जुळवायचा असतो. वीज विजेच्या नियमानं जवळच्या लोडकडे जाते, सौदा झाला काय नि न झाला काय. आणि हो, खाली कुणीतरी विचारलंय की लाईट गेल्यावर शेजाऱ्याची वीज मिळेल का, तर नाही मिळणार, ग्रिड गेली की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (सोलरची वीज ग्रिडला जोडणारं, बॅटरी नसलेलं यंत्र) स्वतःच बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं ठेवलेलंच आहे.

ब्लॉकचेनवर तर मी तुमच्याच बाजूला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला पहिला सौदा ब्लॉकचेनवर झाला तेव्हा जगभर बातम्या आल्या, पण अडलं ते टेक्नॉलॉजीपाशी नाही, तिथं घरगुती ग्राहकानं दुसऱ्याला वीज विकणं कायद्यातच बसत नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या वालेनश्टाट गावात २०१९ मध्ये ३७ घरांत वर्षभर प्रयोग चालला, दर पंधरा मिनिटांनी लिलाव, ॲपवर आपला भाव टाकायचा, उरलंसुरलं गावची वीज कंपनी घेणार आणि कमी पडलं तर तीच देणार. चाललं छान, आणि पुढच्या टप्प्यात त्यांनी ब्लॉकचेनच काढून टाकली. साध्या डेटाबेसवर भागत असेल तर उगाच खर्च कशाला.

आता तिसरा मुद्दा, बोजा कुणाच्या बिलावर येणार हा, खरं तर सगळा वाद इथंच आहे. आपलं बिल काढून बघा, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (म्हणजे वायरीचं भाडं), मग वर वीज शुल्क. पी टू पीचा भाव म्हणून आपण ज्यावर चर्चा करतो तो फक्त वीज आकाराचा तुकडा. लखनौत पी टू पीची ट्रायल झाली, तिच्यात आपसातला भाव नेहमीच्या रिटेल दरापेक्षा ४३ टक्के कमी आला हे सगळे सांगतात, मीही सांगितलं, पण असा आकडा दिसला की वायरीचे पैसे कुणी भरले हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल शहरातल्या अशाच ट्रायलमध्ये उलटं झालं, तिथं रोजचा स्थिर आकार तगडा ठेवला आणि बऱ्याच घरांना खरेदी-विक्री करूनही फारसं काही सुटलं नाही. म्हणजे वहन आकार पूर्ण लावला तर धंद्यात राम नाही, आणि माफ केला तर तो दुसऱ्याच्या बिलात जाणार. बांगलादेशात सोलशेअर नावाच्या कंपनीनं खेड्यात घराघरांतली सोलर सिस्टीम जोडून हे करून दाखवलं, पण तिथं ग्रिडच नव्हती, वायर त्यांचीच, आकार लावणारं कुणी नव्हतं.

आणि आपल्याकडे स्लॅब आहेत, हे तुम्ही कमेंटमध्ये नाही लिहिलं पण तुमच्या बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा हाच आहे असं मला वाटतं. शंभर युनिटच्या आत असलेला माणूस शेजाऱ्याकडून वीज का घेईल? त्याला महावितरणचीच स्वस्त पडते. घेणार तो तीनशेच्या वर वापरणारा, एसीवाला, दुकानदार, म्हणजे ज्याच्या जादा दरावर खालच्या स्लॅबचा आणि शेतीपंपाचा भार चाललाय तोच गिऱ्हाईक सटकणार. शिवाय नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करायची सोय) असलेल्याला आत्ताच युनिटला युनिट वळतं मिळतंय, तो वर्षभर विकायच्या फंदात पडणारच नाही, विकेल ते फक्त मार्चअखेरीला शिल्लक राहणारं, जे कंपनी कमी दरात घेते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच छोटं आहे. उघडा बाजार नको. शिल्लक युनिट, तेही एकाच डीपीवरच्या (म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) ग्राहकांत, आणि घेणाऱ्यांत छत नसलेले भाडेकरू आणि फ्लॅटवाले आधी. वहन आकारात सूट द्या पण माफी नको, कारण वीज डीपीच्या वर गेलीच नाही तर वरच्या लाईनचा पूर्ण खर्च तिच्यावर टाकणंही अन्यायच आहे. स्वित्झर्लंडनं २०२६ पासून कायद्यानं नेमकं हेच केलंय, स्थानिक वीज समूहाला (आपसात वीज देणाऱ्या-घेणाऱ्या शेजाऱ्यांच्या गटाला) नेटवर्क दरात ४० टक्के सूट, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर ओलांडावा लागला तर २०. आपल्याकडचा टक्का वेगळा निघेल, निघू दे, वीज नियामक आयोगापुढे सुनावणीत भांडून ठरवता येतो तो.

यात एक गोष्ट तुम्हीच सांगू शकाल. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन एखाद्या बंगल्यांच्या कॉलनीच्या डीपीवर लोड साधारण किती असतो? सोलरची वीज तिथल्या तिथंच खपत असेल तर माझं गणित बसतं, उलटी वर चढत असेल तर सुटीचा मुद्दाच बाद होतो. खाली लिहा, तुमच्या काळातला अंदाज असला तरी चालेल.