‘आकड्यांनी भीती जात नाही’ : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाची भीती अडाणी आहे आणि कोळशाच्या धुराबद्दल मात्र आपण गप्प बसतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “सोलापुरात बसून जैतापूरवाल्यांच्या भीतीला अडाणी म्हणणं सोपं आहे. माझं माहेर राजापूर तालुक्यात आहे. काही झालं तर आमचं गाव उठेल, तुमचं नाही. माणसं आकड्यांत मोजू नका,” असं तुम्ही लिहिलंत. ‘अडाणी’ हा शब्द चुकलाच. आकड्यांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

नेहमी दिला जाणारा अंदाज असा : कोळशापासून शंभर कोटी युनिट वीज केली, तर खाणीतले अपघात आणि हवेचं प्रदूषण धरून साधारण 25 माणसं मरतात. अणुविजेत हाच आकडा 0.03 च्या आसपास येतो, तोही चेर्नोबिल आणि फुकुशिमाचे अणुभट्टीचे अपघात धरून. ती 25 सुद्धा कोणाची तरी माणसंच ना? पण ती एका रात्रीत जात नाहीत. दाखल्यावर दमा किंवा हृदयविकार लिहिलं जातं आणि विषय संपतो.

माझ्या आजीने पन्नास वर्षं तुराट्यांच्या चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली. तिचा खोकला शेवटपर्यंत सुटला नाही. घरात गॅस आला तेव्हा दोन महिने तिने शेगडीला हात लावला नाही. “टाकी फुटंल,” म्हणायची. टाक्या फुटतात, त्यामुळे तिची भीती खोटी नव्हती. पण तिची छाती पोखरली धुराने, आणि त्या धुराला ती कधी भ्यायली नाही. तो रोजचा होता, स्वतःच्या हाताने पेटवलेला होता.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना 30 गोष्टी धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितल्या होत्या. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिली लावली, तज्ज्ञांनी विसावी. यावरून लोक मूर्ख ठरतात असं स्लोविक म्हणत नाहीत. तज्ज्ञ मुख्यतः मृत्यू मोजतात. लोक त्याशिवाय आणखी काही पाहतात : धोका आपण पत्करला की कोणी लादला, तो आवरता येईल का, नातवंडांपर्यंत जाईल का. तुमच्या माहेरचा प्रश्न हाच आहे आणि माझ्या लेखात तो आलाच नाही. ही चूक शब्दापेक्षा मोठी आहे.

उजनी धरणाचंच बघा. पाणी सोडलं की पंढरपुरात चंद्रभागेचे घाट बुडतात. 1961 ची पानशेतची धरणफुटी आपण विसरलेलो नाही. 1975 मध्ये चीनमधलं बानच्याओ धरण फुटून कित्येक हजार माणसं गेली. तरी उजनी नको असं सोलापुरात कोणी म्हणत नाही, कारण ते पाणी आपल्या नळाला येतं. जैतापूरच्या नियोजित 9,900 मेगावॅटपैकी राजापूरला किती लागणार? धोका एकाच्या दारात आणि उजेड दुसऱ्याच्या घरात म्हटल्यावर भीती वाढणारच.

पण आमच्या दारातही काही आहे, ताई. दक्षिण सोलापुरात 1,320 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र चालतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाला आडवी येते म्हणून वर्षानुवर्षं शहर भांडलं, 2023 च्या जूनमध्ये ती पाडली. कोळशाच्या चिमण्यांतून काय बाहेर पडतं, यावर मात्र मी एकाही कट्ट्यावर चर्चा ऐकलेली नाही. माझा लेख त्या गप्प बसण्याबद्दल होता.

‘अडाणी’ शब्द आज काढला. तुमच्या गावात कोणी येऊन काय सांगितलं, गावाने काय विचारलं आणि उत्तर मिळालं का, हे लिहून पाठवलंत तर तुमच्याच शब्दांत लेखाखाली जोडतो. कोळशाचा आकडा मात्र तिथेच राहील.