तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल कोंबायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘खेळणी काढून घ्या, वही हातात द्या’ असा एक लांबलचक मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. खाली ना कुणाचं नाव, ना कशाचा आधार. माझ्या धाकट्या बहिणीने तो वाचला आणि सव्वातीन वर्षांच्या मुलाकडून रोज दोन पानं ‘अ’ गिरवून घ्यायला सुरुवात केली. मी बालवाडीत शिकवते. बहिणीशी बोलून झालं आहे, पण मेसेज थांबलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्यातला सगळ्यात वाईट मुद्दा आधी: ‘मूल रडलं तरी थांबू नका. हात धरून गिरवून घ्या, महिन्याभरात सवय लागते.’

सवय लागते ती वही दिसली की आईच्या मागे लपायची. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं, कारण त्याचा हात तेवढाच तयार असतो. अंगठा आणि दोन बोटांची पकड साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षांत बसते. मनगटात आठ हाडं असतात. जन्माच्या वेळी त्या जागी नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक भाग असतो आणि तिसऱ्या वर्षीही त्यातली निम्म्याहून जास्त हाडं बनायची असतात. चिमटीत बळ येतं ते कणीक तिंबून, मणी ओवून, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावून. शिवाय आईने हात धरून अक्षर काढलं तर ते आईने काढलेलं असतं. मुलाची नजर तेव्हा बहुतेक वेळा खिडकीकडे असते.

बरं, हात तयार झाल्यावर तरी गिरवून काय मिळतं? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली हेच तपासलं. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून त्यांनी काही अक्षरं स्वतः काढून घेतली, काही गिरवून घेतली, काही कीबोर्डवर टाइप करून घेतली. मग तीच अक्षरं दाखवत मेंदूचे एमआरआय स्कॅन केले. वाचनाशी जोडलेले मेंदूचे भाग कामाला लागले ते मुलांनी आपल्या हाताने काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद दिसला नाही. संशोधकांच्या मते कारण असं, की मुलाने काढलेलं अक्षर दरवेळी वेडंवाकडं, वेगळं येतं आणि त्या वेगळेपणातूनच ते अक्षर ओळखायला शिकतं. अभ्यास लहान होता, मुलंही मोजकी होती. पण ज्या गिरवण्यासाठी मेसेज मुलांना रडवायला सांगतो, त्यालाच हा अभ्यास धक्का देतो.

इथे मेसेजची एक गोष्ट मान्य करावी लागेल. हाताने अक्षर काढणं महत्त्वाचं आहेच, आणि नुसती खेळणी समोर ओतून मूल वाचायला लागत नाही. शेजारी बोलणारं मोठं माणूस लागतं. आमच्याकडे पिशवीत घोडा, घंटा, बस आणि बाहुली असते. मूल हात घालून एकेक वस्तू काढतं आणि घोड्याच्या ‘घ’ची जोडी शोधतं. अक्षर ही आवाजाची खूण आहे हे आधी कानाला कळावं लागतं. मग मातीची वळी करून ‘व’ घडवायचा, त्याच्या पोटात तिरकी काडी ठेवली की ‘ब’, उजवीकडे शेपूट लावलं की ‘क’. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत करणारं मूल दोन्ही हाताने घडवतं, तेव्हा वरच्या रेघेतला फरक त्याच्या बोटांना कळतो. दोन पानं गिरवून तो कळत नाही.

‘खेळातून शिक्षण हे परदेशी फॅड आहे.’ हे वाचून मला खरंच संताप आला. माँटेसोरीबाई इटलीच्या, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची रीत त्यांची, मान्य. पण लहान मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याकडे निघालेली नूतन बाल शिक्षण संघ ही संस्था १९२६ सालची आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर बालवाड्या चालवल्या. आणि त्याच्याही आधी आपल्याकडे धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. ‘आपण सगळे गिरवूनच शिकलो’ म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं, की आपल्यातले बरेच जण शाळेतच गेले सहाव्या वर्षी.

‘पाच वर्षांपर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होते, म्हणून घाई करा.’ मेंदूचा आकार साधारण तेवढा होतो, हे खरं. त्यातून वही कुठून निघाली? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते आठ ही वर्षं एकाच पायाभूत टप्प्यात धरतं आणि त्यात खेळालाच मुख्य जागा देतं.

शेवटची धमकी: ‘लिहिता आलं नाही तर पहिलीला प्रवेश मिळणार नाही.’ बहीण घाबरली ती याला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मुलाची किंवा पालकांची प्रवेशासाठी चाचणी घ्यायला मनाई करतं. पहिल्यांदा मोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत. बाकी कुठल्याही शाळेने पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला लिहायला बसवलं, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.