मागच्या मागे

पुढे जाताना पडलं तर निदान कुठे पडतोय ते दिसतं. हात पुढे करता येतात, डोळे मिटून घेता येतात, 'आई गं' म्हणायला पुरेसा वेळ मिळतो. बर्फावर मागे जाताना यातलं काहीच हाताशी नसतं. आधी आपण बसतो, मग आपण पडलोय हे कळतं.

आइस स्केटिंगच्या वर्गात नाव घातलं तेव्हा माझ्या अपेक्षा माफक होत्या. कठडा न धरता दोन-चार फेऱ्या माराव्यात, जमल्यास हसतमुखाने माराव्यात आणि घरी जावं. तेवढं जमायला लागलं आणि दुर्दैवाने ते कोचच्या लक्षात आलं. "काकू, मस्त! आता मागे जायचं," ती म्हणाली. कोच माझ्या भाचीच्या वयाची आहे. मला अहो-जाहो करते आणि तेवढ्याच आदराने बर्फावर आपटायला लावते.

मागे जाण्याची सुरुवात मोठी फसवी असते. पायांचे अंगठे आत वळवायचे, टाचा बाहेर ढकलायच्या, मग पुन्हा जवळ ओढायच्या. याला स्विझल म्हणतात. दोन्ही पाय बर्फावरच असतात, आपण आपोआप मागे सरकत राहतो आणि मनात येतं, एवढंच होय? माझ्या मनात हे आलं तेव्हा ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण पुढच्याच तासाला कोचने बॅक एज काढल्या.

आता हे एज प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, नाहीतर माझ्या हालांची किंमत कळणार नाही. फिगर स्केटचं पातं साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. एवढ्याशा पट्टीवर आपला देह उभा करायचा, हे ऐकूनच पोटात गोळा येतो. पण वस्तुस्थिती त्याहून वाईट आहे. पात्याच्या तळाला लांबीभर खोलगट खाच घासलेली असते. त्यामुळे बर्फाला टेकतात त्या पात्याच्या दोन कडा, एक पायाच्या आतल्या बाजूची आणि एक बाहेरच्या. दोन्हींवर एकदम उभं राहिलं तर त्याला फ्लॅट म्हणतात आणि कोच नाक मुरडते. म्हणजे ते ४ मिलिमीटरसुद्धा आपल्या वाट्याला पूर्ण येत नाहीत. एक कड बर्फात रुतवायची, दुसरी हवेत ठेवायची. दोन पाय, दोन दिशा, दोन कडा, अशा एकूण आठ एज. पुढच्या चार मला बऱ्यापैकी येतात. मागच्या आतल्या दोनही रडतखडत येतात, कारण नवशिक्याचे घोटे आत कलंडायला टपलेलेच असतात. त्याला कौशल्य म्हणायचं एवढाच प्रश्न. उरल्या मागच्या बाहेरच्या. बॅक आउटसाइड. माझा छळ चालतो तो इथे.

आमच्या रिंकवर हॉकीसाठी आखलेलं साडेचार मीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे. त्याचं केंद्र उजव्या हाताला ठेवून, डाव्या पायाने अर्धा अर्धा स्विझल मारत, त्या रेघेवरून मागे मागे जायचं. उजवा पाय रेघ सोडत नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. वेग येतो, गार वारा मानेला मागून लागतो आणि नेमकी तेव्हा कोच म्हणते, "आता डावा पाय उचला."

या वेळी मी नक्की कशी असते ते सांगते. उजवा पाय बर्फावर, वजन करंगळीच्या बाजूला, गुडघा वाकलेला, सगळं अंग घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत वर्तुळाच्या आत कललेलं. कमरेत मोडायचं नाही. खाली बघायचं नाही. आतल्या खांद्यावरून मागे बघायचं, पण खांदा वळवायचा नाही, नुसती मान. थोडक्यात, पडायला सुरुवात करायची आणि पडणं पूर्ण करायचं नाही. आजवर तोल सांभाळून जगलेल्या शरीराला हे पटत नाही. डावा पाय उचलला जातो, खालून कागद सरकवता येईल इतका, आणि लगेच खाली येतो. कोच म्हणते, "उचललाच नाही." मी म्हणते, "उचलला." यावर आमचं एकमत होत नाही.

गंमत अशी की भीतीने आपण हळू जातो आणि हळू गेल्यामुळेच पडतो. सायकल जशी वेगात असली की वळणावर बिनधास्त कलते आणि रेंगाळली की आडवी होते, तसंच हे. जेवढा वेग जास्त तेवढं कलता येतं. मी वेग न घेता कलते. त्यामुळे माझ्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाला काही विचार करावाच लागत नाही.

दुसरी भानगड वजनाची. पातं लांबीलाही अगदी सरळ नसतं, त्याला किंचित बाक असतो. म्हणून एका वेळी त्याचा छोटासा भागच बर्फाला टेकतो. मागे जाताना हा भाग पायाच्या पंजाखालचा असायला हवा. जरा जास्त पुढे झुकलं की पात्याच्या टोकाचे दाते, म्हणजे टो पिक, बर्फ खरवडायला लागतात. पुढे जाताना हेच दाते ठेच लावून तोंडघशी पाडतात. मागे जाताना ते नुसतेच खर्रर्र आवाज करत वेग खातात. चांगली एज जवळजवळ निःशब्द असते. माझी येते ती वर्दी देत येते. रिंकवरची जाणती मंडळी तो आवाज ऐकूनच बाजूला होतात, तेवढीच समाजसेवा. खरवड टाळायला टाचेवर गेलं, तर पाय पुढच्या पुढे निसटतात आणि उरलेली मी मागे राहते.

पडण्याचंही शास्त्र आहे. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, शक्यतो एका कुशीवर बसायचं, आणि पडल्यावर हाताच्या मुठी वळायच्या, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं जायला नकोत. हे सगळं मला पाठ आहे. पडताना मात्र मी 'अगं अगं अगं' एवढंच करते. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड मी पहिल्याच दिवशी घेतले होते. मागे पडणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. जिथे खरी गरज असते तिथले पॅड शिवलेली हाफ पँट मिळते, ती आत घालायची. ती घातल्यावर आरशात मागून बघू नये, एवढाच अनुभवाचा सल्ला देते.

तिसरी गोष्ट खांद्यांची, आणि ही सगळ्यात चिवट. ढकलताना अंगाला जी गिरकी मिळते ती खांद्यांनी थोपवून धरायची असते. माझी मान, खांदे आणि कंबर यांना स्वतंत्र निर्णय घ्यायची सवय नाही. एक निघालं की सगळी निघतात. मग वर्तुळ आक्रसत जातं, आणखी आक्रसतं, आणि शेवटी मी स्वतःभोवतीच फिरून पुढे तोंड करून उभी. समोर माझ्यामागून येत असलेली सात-आठ वर्षांची मुलगी. ती एका पायावर, हात मस्त पसरून, माझ्या बाजूने मागे निघून जाते. जाता जाता सांगते, "काकू, गुडघा वाकवा ना!" तिचं बर्फापासूनचं अंतर ते केवढं! तिथून पडायला लागतंय काय? पण हे बोलायची सोय नाही, कारण ती पडतच नाही.

मी एकदा कोचला सरळ विचारलं की बाई, ही बॅक आउटसाइड एज कशासाठी? तिने सांगितलं की एकूण सहा मुख्य उड्या आहेत आणि सगळ्यांचं लँडिंग मागच्या बाहेरच्या कडेवरच होतं. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसनने १८८२ साली जी उडी पहिल्यांदा मारली ती अ‍ॅक्सेल पुढे तोंड करून सुरू होते, बाकीच्या पाच पाठमोऱ्याच. उतरायचं मात्र सगळ्यांनी एकाच कडेवर. हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आयुष्यात उडी मारणार नाही. म्हणजे मी उडी न मारता उतरायला शिकतेय! विमानात न बसता लँडिंगचा सराव. कोच म्हणाली, "असं कसं म्हणता, काकू?" आणि पुन्हा वर्तुळाकडे बोट दाखवलं.

तशी मी चुकीच्या काळात जन्माला आले असं मला अधूनमधून वाटतं. फिगर स्केटिंगच्या नावातली फिगर म्हणजे बर्फावर पात्याने काढायची आकृती. एकाला एक लागून वर्तुळं काढायची, उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाची, एका पायावर, आणि पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून जायचं. मग परीक्षक बर्फावर वाकून ती रेघ तपासणार. ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबाबाई यात इतक्या वाकबगार होत्या की १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये फ्री स्केटिंगमध्ये सातव्या येऊनही सुवर्णपदक त्यांनाच मिळालं. प्रेक्षक टीव्हीवर उड्या आणि गिरक्या बघत होते आणि पदक गेलं ते वर्तुळांना. पुढे आकृत्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून त्या गेल्याच. माझ्या मते वाईट झालं. ना उडी, ना संगीत, ना चमकी लावलेला झगा. शांतपणे एक गोल काढायचा. माझ्या स्वभावाला हा खेळ फार शोभला असता. गोल काढता येत नाही ही अडचण आहे, पण ती स्वभावाची नव्हे.

शूबाबाईंमुळे मला रेघा बघायचा नाद लागला. बर्फ खोटं बोलत नाही. दोन समांतर बारीक रेघा म्हणजे फ्लॅट, एकच रेघ म्हणजे एज. एज घेऊन झाली की मी वाकून स्वतःची रेघ शोधते. एकदा सुरुवातीला छान एकेरी, बाहेर झुकलेली रेघ दिसली आणि मी कोचला हाक मारून दाखवली. तिने बोटाने रेघेवरून पुढे पुढे नेत दाखवलं की मध्यावर ती दुहेरी होते आणि शेवटी चक्क दुसऱ्या बाजूला वळते. म्हणजे मी बाहेरच्या कडेवर निघाले आणि आतल्या कडेवर पोचले. यावर ती हसून म्हणाली की मोठमोठ्यांचं हे होतं. लुट्झ नावाची उडी मागच्या बाहेरच्या कडेवरूनच घ्यायची असते, पण ऐन वेळी पाय आत कलंडतो. मग गुणपत्रिकेत त्या उडीपुढे 'ई' हे अक्षर पडतं, चूक तितकी स्पष्ट नसेल तर नुसतं उद्गारचिन्ह. माझ्या धांदरटपणाला आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं चिन्ह आहे, हे कळल्यावर त्या दिवशी मी घरी फार ऐटीत गेले.

डाव्या पायाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो माझा आहे असं म्हणतात.

परवा मात्र एक रेघ सापडली. वर्तुळाच्या आत, एकेरी, लांबलचक, कुठे न डगमगलेली. मी नुकतीच तिथूनच गेले होते आणि या वेळी पाय खरंच बराच वेळ वर राहिला होता. मी हात कमरेवर ठेवून रेघेपाशी उभी राहिले. ती मुलगी सरकत आली, खाली बघितलं आणि म्हणाली, "ही माझी आहे."

"तुझी कशी? मी आत्ताच गेले इथून."

"तुमची ती." तिने शेजारी बोट दाखवलं. शेजारची रेघ दुहेरी होती आणि दीड हातावर संपत होती. तिच्या पुढे बसल्याची खूण होती.

मी माघार घेतली नाही. मी वाकले आणि तिला एकेरी रेघेच्या सुरुवातीचे बारीक ओरखडे दाखवले. "हे बघ, टो पिक. तुझी खरवडते का कधी? नाही ना? मग ही माझीच." ती विचारात पडली. स्वतःचे ओरखडे पुरावा म्हणून सादर करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. तिने गुडघ्यावर बसून ओरखडे निरखले, मग म्हणाली, "पण ते तर दुसऱ्याच कुणाचे पण असतील." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात शिट्टी झाली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बर्फ सारखा करणारं ते अजस्र यंत्र आत आलं. दोन फेऱ्यांत सगळा पुरावा साफ. कठड्याबाहेर पात्यांना गार्ड चढवताना ती मला पुन्हा म्हणाली, "माझीच होती." मी म्हटलं, पुरावा नाही. तेव्हा संशयाचा फायदा मी घेतलेला आहे आणि कोचलाही तसंच सांगितलंय.