कोरसमधलं मांजर

"सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर!" चौथीची 34 पोरं एका दमात ओरडतात तेव्हा वर्गाचे पत्रे हादरतात. औशापासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही शाळेवरून हा आवाज गेला की रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, पोरं इंग्रजीत पार तयार झाली. मला मात्र धडकी भरते. ओरडणारी खरी असतात सहा-सात. बाकीची अर्ध्या क्षणानं मागून येतात, भजनात मागचे टाळकरी येतात तशी. आणि प्रगती लिहायची असते 34 जणांची.

यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. पोराला एकट्याला व्हरांड्यात घ्यायचं. पुस्तक मात्र आत ठेवायचं, कारण धडा पाठ असतो. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीत, तरी वाचन अस्खलित. वहीच्या पानावर दहा शब्द लिहायचे: चार शिकवलेले आणि सहा त्याच घराण्यातले, पण कधीच न दाखवलेले. कॅट येत असेल तर कॅप, मॅट, पॅन यायला हवेत. कॅप दाखवलं की पोरगं आढ्याकडं बघतं आणि आत्मविश्वासानं सांगतं, "मांजर!" शेजारी चित्र काढलंत तर मेलातच. पोरगं चित्रच वाचतं. शब्द एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचून घ्यायचे. यादीत 'बेड' हवाच. त्याचं 'डेब' झालं तर बी आणि डीची पोटं अजून कोणत्या बाजूला ते ठरलेलं नाही.

चूक झाली की नुसती फुली मारू नये. पोरानं जे म्हटलं ते जसंच्या तसं देवनागरीत लिहावं. 'गोट'चं 'जोट' का होतं? आपण अक्षराचं नाव 'जी' शिकवलं, आवाज 'ग' शिकवायचा राहिला. 'येस'चं 'वेस' होतं, कारण पहिलं अक्षर 'वाय'. पोरगं तर्कानं बरोबरच चाललेलं असतं, आपलंच गणित चुकलेलं असतं. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की सोमवारी काय शिकवायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

वेळ म्हणाल तर वाचनाला एक मिनिट. हाक मारणं, चप्पल सापडणं आणि "सर, माझं घ्या की" म्हणणाऱ्यांना आत हाकलणं धरून चार मिनिटं. रोज सहा पोरं घेतली की शनिवारची सकाळची शाळा धरून आठवड्यात वर्ग उरकतो. गावात लग्न नसेल तर.

बोलण्याची परीक्षा त्याहून फसवी. "व्हॉट इज युवर नेम?" याला शंभर टक्के उत्तर. शेजाऱ्याकडं बोट करून "व्हॉट इज हिज नेम?" विचारा, पोरगं पुन्हा स्वतःचंच नाव सांगतं. "व्हॉट आर यू डुइंग?"चा अर्थ "तू काय करत आहेस?" असा सांगितला तर पोरगं परक्यासारखं बघतं. "काय करायलास?" म्हणा, लगेच उजेड पडतो. बिचाऱ्याला एका वाक्यासाठी दोन परभाषा शिकाव्या लागतात.

यानंतर खरी शिक्षा. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. चौथीला आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या तपासणीचे 60 आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे 40 गुण. पोराला तपासायची साधनतंत्रं दैनंदिन निरीक्षणापासून स्वाध्यायापर्यंत आठ. 81 पडले तर श्रेणी अ-2, 80 पडले तर ब-1. एका गुणानं पोराचं अक्षरच बदलतं. कल्पना चांगली होती, पण सत्र संपताना नोंदींची तयार यादी मोबाइलवर फिरते आणि 34 जण "इंग्रजी संभाषणात आवडीने सहभागी होतो" ठरतात. मुलींच्या पानावरसुद्धा "होतो"च. सुधारणेच्या रकान्यात "सराव आवश्यक". कशाचा, ते देव जाणे. माझ्या मते "जोट म्हणतो" ही दोन शब्दांची नोंद या सगळ्या यादीला भारी आहे, पण ती तपासणीत शोभत नाही. पालकसभेत तर प्रश्न एवढाच असतो, "पास हाय का न्हाय, तेवढं सांगा."

बीडकडं आणखी एक रकाना रिकामा पडतो. दिवाळीच्या आगेमागे कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, निघतो. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं आजीपाशी राहतात, काही बैलगाडीत बसून फडावर जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आलेल्या पोराला दहा शब्दांचा कागद दिला तर चार चुकतात. पण उसाच्या ट्रॅक्टरवरचं 'महिंद्रा' आणि 'स्वराज' ते इंग्रजी अक्षरांतून घडाघडा वाचतं, बॉनेट अर्धं झाकलं तरी. 'विशेष प्रगती'च्या रकान्यात बोटभर जागा असते. तयार यादीत ट्रॅक्टर मात्र नसतो.