समुद्राच्या पाण्यातून फुकट वीज? जरा हिशेब मांडू

‘संलयनाचा प्रश्न सुटला, आता समुद्राच्या पाण्यावर चालणारी, कचरा नसलेली, जवळपास फुकट वीज येणार’ असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. संलयन म्हणजे सूर्यात चालते तसे, हलकी अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणे. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली’

५ डिसेंबर २०२२ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या संलयनाच्या प्रयोगशाळेत लेझरने २.०५ मेगाज्यूल दिले, ३.१५ परत आले. आकडे खरेच आहेत. पण तो लेझर पेटवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट वीज ओढली गेली. हाती आलेली उष्णता एका युनिटलाही पुरी पडत नाही, आणि तिची वीज करायची तर निम्म्याहून जास्त वाया जाणार.

‘इंधन समुद्रात अमाप आहे’

संलयनाला हायड्रोजनची दोन जड रूपे लागतात: ड्युटेरियम आणि ट्रिटियम. समुद्रात ड्युटेरियम आहे. ट्रिटियम नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. त्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षे, म्हणजे साठवून ठेवले तरी दरवर्षी साडेपाच टक्के आपोआप घटते. १ गिगावॉट संलयन-उष्णता वर्षभर मिळवायला साधारण ५६ किलो ट्रिटियम जळते. जगातला नागरी वापराचा साठा जेमतेम वीस-तीस किलोंच्या घरात, तोही मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. म्हणून भट्टीने स्वतःचे ट्रिटियम स्वतःच तयार करायचे: भोवती लिथियमचे आवरण, त्यावर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम. गोची अशी की एक ट्रिटियम जळले की एकच न्यूट्रॉन सुटतो. त्यातले काही पोलादात शोषले जातात, काही तापन आणि मोजमापाच्या झरोक्यांतून निसटतात. ती तूट भरायला बेरिलियम किंवा शिसे घालून न्यूट्रॉन वाढवावे लागतात. पूर्ण आकाराच्या भट्टीत हे चक्र अजून कुणीही चालवून दाखवलेले नाही.

‘कचरा नाही, धोका नाही’

गाभा वितळण्याची भीती नाही, हे मान्य. प्लाझ्मा, म्हणजे भट्टीतला अतितप्त विद्युतभारित वायू, बिघडला की विझतो. मात्र १४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रॉन आतली भिंत ठिसूळ करतात आणि किरणोत्सर्गीही. हजारो वर्षे जपावा लागणारा कचरा नसला, तरी ते तुकडे माणसाला हाताळता येत नाहीत.

‘जवळपास फुकट’

खर्च इंधनाचा नाहीच, यंत्राचा आहे. प्लाझ्मा कोंडून धरणारे उणे २६९ अंशांवरचे अतिवाहक चुंबक, शेजारी दहा कोटी अंशांहून तप्त प्लाझ्मा, आणि आतले आवरण बदलायचे तर दूरनियंत्रित यंत्रहात. तेवढा काळ संयंत्र बंद, कर्जाचे व्याज मात्र चालूच. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक भट्टीत ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग आता २०३९च्या वेळापत्रकावर आहेत, आणि ईटरला तर वीज तयार करायचीच नाही.