चौतिसाव्या मजल्यावर कोथिंबीर

टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा तुमचा विचार पक्का झाला असेल, तर अभिनंदन. झाला नसेल तर रविवारी दुपारी भरपेट जेवून सॅम्पल फ्लॅट बघायला जा, म्हणजे होईल. तिथे गारेगार एसी असतो, कुठून तरी बासरी वाजत असते आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते कळत नाही. दारं नसतात. दार उघडायला जागा लागते, ती तिथे वाया घालवत नाहीत. त्या देखण्या बेडवर आडवं व्हायचा मोह मात्र आवरा. आमचे हे झाले होते. पाय घोट्यापासून बाहेर आले. सेल्सची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही हाइटवाले आहात ना, म्हणून." पाच फूट सहा इंचांच्या माणसाला असं कोणी म्हटलं की तो चेकबुक काढतोच.

मजला वरचाच घ्या. इथे तुमची 'फ्लोअर राइज' या शब्दाशी गाठ पडेल. घाबरू नका. मजला चढला की फुटाचा भावही चढतो, एवढाच त्याचा अर्थ. समजा मजल्यामागे फुटाला १०० रुपये, घर ९०० फुटांचं आणि चढायचे मजले तीस, तर झाले २७ लाख. या २७ लाखांत एक वीट जास्तीची येत नाही की एक खुंटी. खालच्या घराचा नकाशा आणि तुमचा नकाशा एकावर एक ठेवला तर रेघ हलत नाही. तुम्ही विकत घेता ते अंतर. रस्त्यापासूनचं, भाजीवाल्यापासूनचं, माणसांपासूनचं. अशी चैन स्वस्तात कशी मिळेल?

घेतल्यावर मजले मोजू नका. बऱ्याच टॉवरांत बारानंतर थेट चौदा येतो आणि गाड्यांचे पोडियमही मजल्यांच्याच हिशेबात असतात. आमच्या ह्यांनी एका सुट्टीच्या दिवशी मोजले. पाच पोडियम गेले, तेरावा नव्हताच, घरांचा म्हणाल तर आमचा चौतिसावा मजला अठ्ठाविसावा निघाला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

वरचा मजला म्हणजे भारी, ही समजूत तशी अलीकडची. लिफ्ट नव्हती तेव्हा पॅरिसमध्ये सगळ्यात वरच्या खोल्या मोलकरणींच्या असत. जिने चढायचे, म्हणून भाडं कमी. मग १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा गृहस्थ उघड्या पाळण्यावर उभा राहिला, वर गेला आणि सगळ्यांदेखत त्याने दोर कापायला लावला. पाळणा जागच्या जागी अडकला. दोर तुटला तरी माणूस खाली येत नाही हे कळल्यावर पैसेवाले वर जायला मोकळे झाले. आमच्या लालबागच्या चाळीत ही बातमी उशिरा पोचली. तिथे तिसरा मजला म्हटलं की दम्याची माणसं हात जोडायची.

व्ह्यूचं बोलायचं तर समुद्राच्याच मागे लागू नका, त्याचे पैसे फार. आम्ही 'हेरिटेज व्ह्यू' घेतला. म्हणजे हॉलच्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते. गिरणी गेली, चिमणी शोभेला ठेवली, रात्री तिच्यावर खालून पिवळे दिवे सोडतात. माझे सासरे याच गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संपासाठी बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. जी चिमणी त्यांनी पंचवीस वर्षं फुकट बघितली, ती बघायला त्यांच्या मुलाने वेगळे पैसे मोजले. प्रगती याहून वेगळी काय असते?

आता हवा. "वर गारवा असतो मॅडम," असं तुम्हालाही सांगतील आणि ते खोटं नाही. शंभर मीटर वर गेलं की तापमान अर्धा-पाऊण अंशाने उतरतं. मात्र हा पाऊण अंश काचेच्या बाहेर असतो. आत तुम्ही असता, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन. सासूबाई हॉलमध्ये, बंद काचेच्या आत, सोफ्याच्या पाठीवर जुनी साडी पसरून कुरडया वाळवतात. दीड दिवसात खडखडीत. चाळीच्या गच्चीवरसुद्धा तीन दिवस लागायचे.

तेव्हा घर घेताना एक खबरदारी घ्या. कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी आखलेली 'कांचनजंगा' नावाची इमारत आहे, १९८३ साली पुरी झालेली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि कडक ऊन, आडवा पाऊसही तिकडूनच येतो. घराचं तोंड त्या बाजूला करावं तर पंचाईत, न करावं तर घुसमट. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला, घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची कोरली, ऊन-पाऊस तिथेच थोपवला आणि वारा आत घेतला. असला काही प्रकार तुमच्या टॉवरमध्ये नाही ना, याची आधीच खात्री करून घ्या. रेरा, म्हणजे घरखरेदीचा कायदा, त्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, धरत नाहीत. जी कार्पेटमध्येच नाही ती कोण आनंदाने बांधेल? काच लावा, एसी लावा, पडदे ओढा. व्ह्यूचे हप्ते चालू राहतात.

पावसाळ्यात खिडकी शीळ घालते. ती बंद असताना घालते, हे विशेष. पाऊस वरून न पडता समोरून येतो, कधीकधी खालूनही. इमारत हलल्यासारखी वाटली तर शेजाऱ्यांना विचारत फिरू नका, ती हलतेच. उंच काँक्रीटच्या इमारतींसाठी २०१७ साली आपल्याकडे जे मानक निघालं, त्यात वाऱ्याने माथा किती सरकलेला चालेल तेही दिलं आहे, उंचीच्या पाचशेवा भाग. म्हणजे २०० मीटरचा टॉवर ४० सेंटीमीटर. जी न हलता ताठ उभी राहायला बघेल तिचंच खरं नाही, असं इंजिनिअर लोक सांगतात. संडासाच्या भांड्यातलं पाणी हिंदकळताना बघून हे वाक्य मनात म्हणायचं असतं.

आता मुख्य गोष्ट, लिफ्ट. तुम्हाला वाटत असेल आपण घर घेतलं. लिफ्ट घेतली तुम्ही, घर हे तिचं शेवटचं स्टेशन. आमच्याकडे चार आहेत, त्यातली एक कायम 'अंडर मेंटेनन्स', एक सामानाची, आणि उरलेल्या दोघी जोडीने वर जातात, जोडीनेच खाली येतात. लिफ्टमध्ये कोणाकडे बघू नका. आकड्यांकडे बघा. चौदा वर्षांचा मुलगा असो की ऐंशीच्या आजी, सगळे त्या लाल आकड्यांकडे असे बघत असतात, जणू मटक्याचा आकडा लागायचाय.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याहून ह्यांचे मामा आले, खांद्यावर फणस घेऊन. गेटवर नाव, गाव, फोटो, मोबाइलवर आलेला आकडा, सगळं झालं. मग वॉचमन म्हणाला, "माणूस या लिफ्टनं, फणस त्या लिफ्टनं." मामा म्हणाले, "मी फणसाबरोबर आसंय." वॉचमनने इंटरकॉमवरून मला विचारलं, "मॅडम, गेस्टला सामानात टाकू का?" टाकायला सांगितलं. मामा वर आले ते खुशीत. त्या लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या तीन घरांच्या कामाच्या बायका, पेपरवाला आणि इस्त्रीवाला भेटले होते. कोणाच्या घरी काय चाललंय, हे मामांना वीस मिनिटांत कळलं. आम्हाला पाच वर्षांत कळलं नव्हतं. सामानाच्या लिफ्टने प्रवास करायचा असेल तर एवढंच करा, फणस विकत घ्या.

आगीची चिंता करू नका. मुंबईच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, म्हणजे साधारण तीस मजले. त्याच्या वर राहणाऱ्यांनी आग लावूनच घेऊ नये. ठराविक मजल्यांनंतर रेफ्यूज एरिया असतो, संकटात जमायची मोकळी जागा. आमच्याकडे तिथे एक टेबल टेनिसचं टेबल, अकरा सायकली आणि कोणाचा तरी जुना सोफा आधीच जमलेले आहेत. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. जिना आहे, खाली जमिनीपर्यंत साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या. फायर ड्रिलला सासूबाई तेविसाव्यापर्यंत उतरल्या, तिथे एका दारापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "जळाले तर जळाले, पण एक कप चहा द्या."

आणि कोथिंबीर. ती विसरायची नाही. स्वयंपाक होत आल्यावर कोथिंबीर नाही हे लक्षात येणं हा चाळीतला गुन्हा नव्हता. गॅलरीत उभं राहून हाक मारायची, दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. टोपलीत दोन रुपये. टोपली वर यायची तेव्हा कोथिंबीर असायची, वर दोन मिरच्या आणि खालून ओरडून सांगितलेली कोणाच्या तरी साखरपुड्याची बातमी. टॉवरमध्ये मी गॅस बंद करते, चप्पल घालते, लिफ्ट बोलावते, ती बाराव्यावर थांबते, विसाव्यावर थांबते, भरून येते, पुढची बघते. कोथिंबीर घेऊन परत येईपर्यंत पोह्यांचा दगड झालेला असतो. आता अॅपवरून मागवते. दहा मिनिटांत गेटवर येते, गेटवरून वर यायला पंधरा.

सासूबाईंनी चाळ सोडताना ती दोरी आणली होती, टोपलीसकट. परवा माळ्यावरून काढून घेतली आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. खिडकी वीतभरच उघडते, त्यावर कोणाचं वजन पडू नये म्हणून. टोपली त्यातून जाईना. त्यांनी ती दाबून चपटी केली, खाली वाकून अंदाज घेतला आणि मला विचारलं, "किती लागेल गं दोरी?"

"शंभर मीटरच्या वर."

त्या जरा वेळ हातातल्या दोरीचे वेढे मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी एका हाताने नाही व्हायची. मधे कोणीतरी धरायला लागेल. सतराव्यावर कोण राहतं गं?"