पुरुषांच्या ‘कॅन्सर पॅकेज’चा दावा तपासून पाहू

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने दरवर्षी पीएसए, सीईए, एएफपी, सीए १९-९ आणि बीटा एचसीजी हे मार्कर, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारी द्रव्ये, मोजणाऱ्या रक्तचाचण्यांचे पॅकेज करून घ्यावे, असे सांगणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. आकडा वाढला की कर्करोग समजावा, सगळे आकडे मर्यादेत असले की निर्धास्त राहावे आणि लक्षणांआधी रोग पकडण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, असा त्यांचा दावा असतो. तिन्ही विधाने तपासली असता जशीच्या तशी टिकत नाहीत.

पहिले विधान घेऊ. पीएसए हे द्रव्य पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली प्रोस्टेट ग्रंथी निरोगी असतानाही तयार करते. वयोमानाने ती ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर (लघवीची नळी) घातला गेला किंवा रक्त देण्याच्या आदल्या दिवशी वीर्यस्खलन झाले, तरी आकडा चढू शकतो. रिपोर्टवर बहुधा ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा छापलेली असते. ४ ते १० या पट्ट्यातल्या पुरुषांची बायोप्सी केल्यास, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासल्यास, साधारण चारांपैकी एकातच कर्करोग सापडतो. म्हणूनच ६.२ असा रिपोर्ट आला, तर यूरॉलॉजिस्ट आधी लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना हे पाहतात, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करवतात आणि आकडा तरीही चढाच राहिला तर बहुधा एमआरआय सांगतात. बायोप्सीचा प्रश्न त्यानंतरचा. इतर चाचण्यांचीही गत वेगळी नाही. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेले आढळते, सीए १९-९ पित्तनलिकेत खडा अडकल्यानेही वाढते आणि एएफपी हिपॅटायटिसमध्येही. समजा, प्रत्येक चाचणीची मर्यादा १०० निरोगी माणसांपैकी ५ जण बाहेर पडतील अशी आखलेली आहे आणि पाचही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. तर पाचही करून घेणाऱ्या १०० निरोगी माणसांपैकी २२-२३ जणांचा एखादा तरी आकडा लाल अक्षरांत येईल. त्यांची झोप उडेल ती कर्करोगाने नव्हे, पॅकेजने.

दुसरे विधान मला अधिक घातक वाटते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांचे पीएसए वर्षानुवर्षे ४ च्या वर गेले नव्हते अशा पुरुषांची बायोप्सी केली असता सुमारे १५ टक्क्यांत प्रोस्टेटचा कर्करोग आढळला, अर्थात त्यातले बरेचसे सौम्य होते. प्रोस्टेटसाठी किंवा केस गळू नयेत म्हणून घेतले जाणारे फिनास्टराइड हे औषध काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर आणते, त्यामुळे ते घेणाऱ्याचा १.८ हा आकडा डॉक्टर ३.६ च्या आसपासचा धरतात; पॅकेजच्या छापील रिपोर्टला हे कुठून कळणार? शिवाय काही टक्के लोकांचे शरीर सीए १९-९ जन्मतःच तयार करू शकत नाही. त्यांचा स्वादुपिंडाचा कर्करोग बळावला तरी हा आकडा खालीच राहील.

तिसऱ्या विधानात तथ्याचा अंश आहे, पण तो फक्त पीएसएपुरता. पीएसए तपासणीच्या युरोपातील एका मोठ्या अभ्यासात १६ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५७० पुरुषांना तपासणीस बोलवावे लागले आणि त्यात १८ जणांचे जास्तीचे निदान झाले. यांतल्या कित्येकांचा कर्करोग इतका संथ असतो की त्याने आयुष्यभर त्रास दिला नसता. उपचारांमुळे मात्र लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने (तपासण्यांबाबत शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने) २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक निर्णय घ्यावा आणि सत्तरीपासून सरसकट तपासणी करू नये, असे सांगितले. वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला असेल, तर ही चर्चा आधीच करावी.

बाकीच्या चाचण्यांचे खरे काम निदान झालेल्या रुग्णात असते. वृषणाच्या कर्करोगात गाठ काढण्यापूर्वी आणि नंतर रक्त घेतात. एएफपी दर ५ ते ७ दिवसांनी निम्मे होत गेले पाहिजे, बीटा एचसीजी त्याहून लवकर, आणि तसे न झाल्यास रोग शरीरात उरला असल्याचा संशय घेतात. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सीईए ठरावीक काळाने तपासतात तेही रोग उलटला का हे पाहण्यासाठीच.

राहिला तोंडाचा कर्करोग, जो तंबाखू आणि गुटख्यामुळे भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. त्यासाठी उपयोगी पडेल असा एकही मार्कर या पाचांत नाही. तो शोधायचा तर गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेखाली बॅटरीच्या उजेडात पांढरे-लाल चट्टे आणि बरी न होणारी जखम पाहावी लागते. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपासून ही तपासणी केली जाते.